फाउंडेशनची छटा निवडताना आणि लावताना

फाउंडेशनची छटा मनगटावर लावून पाहण्याची पद्धत सर्रास असली, तरी ती फसवी आहे, कारण हाताचा आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच सारखा असतो. म्हणून जबड्याच्या कडेला दोन-तीन छटांच्या बारीक रेघा ओढून त्या दिवसाच्या उजेडात पाहाव्यात आणि जी रेघ मानेच्या रंगात मिसळून दिसेनाशी होईल, ती छटा निवडावी. उजळ दिसण्याच्या हौसेपायी फिकी छटा घेतली, तर चेहरा राखट दिसतो. काही फाउंडेशन वाळल्यावर किंचित गडद होतात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे थांबलेले बरे. लावण्यापूर्वी मॉइश्चरायझर मुरू द्यावे. मग थोडेसेच फाउंडेशन नाकाच्या बाजूंपासून बाहेरच्या दिशेने, ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजाने न घासता हलकेच टेकवत पसरवावे.