हार्ड डिस्क तापतेय का, ते नीट कसं बघायचं

आधी स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची, माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाका. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. झालं.

आता आकडा वाचणं. इथेच लोक चुकतात आणि मीही बरेच दिवस चुकत होतो. स्मार्टसीटीएलच्या तक्त्यात तापमानाची ओळ १९४ नंबरची असते, काही ड्राइव्हमध्ये १९० ची पण असते, आणि त्याच ओळीत व्हॅल्यू आणि रॉ व्हॅल्यू असे दोन वेगळे आकडे असतात. खरं तापमान रॉ व्हॅल्यूत असतं! माझ्या ड्राइव्हला १९० समोर व्हॅल्यू ५९ होती, मी ती अंश सेल्सिअस धरून हादरलो, पंखा लावला तर ती ६४ झाली. तेव्हा कुठे लक्षात आलं की तिथे १०० मधून तापमान वजा करून तो आकडा देतात, म्हणजे डिस्क ४१ वरून ३६ वर आली होती. त्यामुळे व्हॅल्यूच्या कॉलमवरून तापमान ठरवूच नका.

आणि मशीन चालू केल्या केल्या बघू नका. मोठी कॉपी लावा, तासभर चालू द्या, मग बघा.

साध्या डेस्कटॉप ड्राइव्हची मर्यादा बहुतेक वेळा ६० अंश दिलेली असते, पण मी ४५ च्या वर गेलं की हवा कुठे अडतेय ते शोधतो. दोन ड्राइव्हमध्ये एक खण रिकामा ठेवा, समोरून पंखा द्या.

"जितकी थंड तितकी चांगली" हे मात्र अजिबात ऐकू नका. गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त ड्राइव्हचा अभ्यास छापला, त्यात जास्त तापमानाचा त्रास मुख्यतः अगदी तापलेल्या आणि जुन्या ड्राइव्हमध्येच दिसला, उलट फार थंड चालणाऱ्या ड्राइव्ह जास्त बिघडल्या. बंद पडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला तर कृपा करून कोणाला देऊ नका, बाहेर काढली की आत दव धरतं, आणि हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) प्लॅटरपासून (डेटा असलेल्या फिरत्या चकतीपासून) जेमतेम काही नॅनोमीटरवर असतं, तिथे ओलावा म्हणजे डेटा गेलाच समजा. थंडीतून आणलेली डिस्कसुद्धा काही तास तशीच राहू द्या, मग जोडा.

कॉपी रखडतेय म्हणून लगेच उष्णतेवर खापर फोडू नका. त्याच तक्त्यात १९७ ची ओळ डिस्कवरच्या वाचता न आलेल्या, संशयित जागा मोजते; तिची रॉ व्हॅल्यू शून्य नसेल तर पंखा राहू दे, आधी बॅकअप घ्या.