जावा वेब सर्व्हिसमध्ये रिक्वेस्टचे हेडर कसे वाचावेत

क्लायंटची (सर्व्हिस वापरणाऱ्या प्रोग्रामची) भाषा, ओळख पटवणारे टोकन, रिक्वेस्टचा आयडी असा बराच मजकूर रिक्वेस्टच्या बॉडीत, म्हणजे मुख्य मजकुरात नसतो, त्याआधीच्या ‘नाव: किंमत’ अशा ओळींत, म्हणजे हेडरमध्ये असतो. रेस्ट सर्व्हिस (साध्या एचटीटीपी रिक्वेस्टवर चालणारी) जॅक्स-आरएसवर, म्हणजे त्यासाठीच्या जावाच्या ठरलेल्या एपीआयवर लिहिली असेल तर तो वाचायचे मार्ग ठरलेले आहेत. (खालची नावे देवनागरीत दिली आहेत, कोडात ती रोमन लिपीतच लिहायची.)

१. आधी इम्पोर्ट तपासा. २०२० च्या जकार्ता ईई ९ पासून पॅकेजचे नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होते. नव्या सर्व्हरवर चुकून जुन्या पॅकेजमधले ॲनोटेशन (@ ने सुरू होणारी खूण) राहिले, तर सर्व्हर ते ओळखत नाही आणि त्या पॅरामीटरला रिक्वेस्टची बॉडी समजतो. कोड कंपाइल होतो, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

२. एखादाच हेडर हवा असेल तर मेथडच्या पॅरामीटरवर @हेडरपॅरम लावा आणि कंसात हेडरचे नाव द्या. हेडर आलाच नाही तर स्ट्रिंगमध्ये नल मिळते, इंटमध्ये मात्र शून्य. खरोखर शून्य आले की काहीच आले नाही, हे मग कळत नाही. त्यामुळे स्ट्रिंग किंवा इंटिजर (नल ठेवू शकणारा आकड्याचा प्रकार) घ्या, नाहीतर @डिफॉल्टव्हॅल्यू द्या. इंटच्या जागी अक्षरे आली तर क्लायंटला ४०० (रिक्वेस्ट चुकीची) हा स्टेटस जातो.

३. हेडर अनेक असतील, किंवा नावे आधी माहीत नसतील, तर @कॉन्टेक्स्ट लावून एचटीटीपीहेडर्स घ्या. गेटहेडरस्ट्रिंग एका नावाच्या सगळ्या किमती स्वल्पविरामाने जोडून देते, गेटरिक्वेस्टहेडर त्यांची यादी देते. नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही.

४. तोच हेडर प्रत्येक मेथडमध्ये तपासावा लागत असेल तर ते काम कंटेनररिक्वेस्टफिल्टरकडे द्या. क्लासवर @प्रोव्हायडर लावा, टोकन नसेल तर अबॉर्टविथने ४०१ (ओळख पटली नाही) पाठवून रिक्वेस्ट तिथेच थांबवा. माझ्या मते टोकनची तपासणी इथेच हवी. मेथडमेथडमध्ये विखुरलेली तपासणी नव्या मेथडमध्ये हमखास राहून जाते.

सोपची (एक्सएमएल मेसेजवर चालणारी) जुनी जॅक्स-डब्ल्यूएस सर्व्हिस असेल तर @रिसोर्स लावून वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट घ्या आणि त्याच्या मेसेजकॉन्टेक्स्टमधून एचटीटीपी_रिक्वेस्ट_हेडर्स ही की वाचा. हे मेथडच्या आतच करायचे. कन्स्ट्रक्टरमध्ये रिक्वेस्ट अजून आलेलीच नसते. सोपच्या एन्व्हलपमधला, म्हणजे एक्सएमएल मेसेजच्या आतला हेडर वेगळा, तो इथे मिळत नाही.

हेडर क्लायंट पाठवतो, म्हणजे तो हवे ते लिहू शकतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमधला क्लायंटचा आयपी पत्ता तुमच्या स्वतःच्या प्रॉक्सीने (सर्व्हरपुढच्या मध्यस्थाने) भरला असेल तरच खरा धरा. आणि सगळे हेडर लॉगमध्ये छापताना ऑथरायझेशन आणि कुकी हे दोन आधी वगळा. लॉग वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हाती नाहीतर लोकांची टोकने पडतात.