अर्जात सुनेचा रकाना नव्हता

गोव्यातल्या एका लहानशा खाजगी फाउंडेशनमध्ये मी गेली नऊ वर्षं अनुदानाचं काम पाहते. म्हातारी माणसं आणि त्यांना घरी सांभाळणारी माणसं, एवढाच आमचा विषय. वर्षाआड एखादी नवी मुलगी किंवा मुलगा आमच्याकडे रुजू होतो. पहिल्या आठवड्यात त्यांच्याशी जे बोलते ते इथे लिहून काढते आहे. मी आले तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं आणि त्यापायी दुसऱ्यांचे पैसे आणि वेळ माझ्या हातून वाया गेले.

मी आले पतसंस्थेतून. कर्जाच्या फायली तपासायची सवय होती. ती उपयोगी पडली, नाही असं नाही. ताळेबंद वाचता येणं या कामात फार महत्त्वाचं आहे. पण कर्ज देताना पैसा परत येईल का, एवढंच बघायचं असतं. अनुदान परत येत नाही. मग बघायचं काय, हे मला डिचोली तालुक्यातल्या एका घरात कळलं.

एका संस्थेने व्हीलचेअर आणि वॉकर वाटण्यासाठी अनुदान मागितलं होतं. आधीच्या वर्षी आम्हीच दिलेल्या खुर्च्यांचं काय झालं ते बघायला मी गेले होते. मे महिना होता. त्या घराच्या पडवीत आमची खुर्ची होती आणि तिच्यावर सुपात सोलं वाळत घातली होती. मला आधी रागच आला. मग उंबरठा बघितला. वीतभर उंच, आत परत दोन पायऱ्या. खुर्ची घरात जाणारच नव्हती, आणि अंगणातून रस्त्यावर जायचं तर चिऱ्यांचा उतार. खुर्ची देताना आमच्यापैकी कुणीही ते घर पाहिलेलं नव्हतं.

आत सासूबाई खाटेवर होत्या. अर्धांगाचा झटका येऊन चार वर्षं झालेली. सून चमच्याने पेज भरवत होती. एक चमचा, मग गळ्यावरून हळूच बोट फिरवून घास उतरला का बघायचं, मग पुढचा. मध्येच तिच्या मोबाइलचा गजर वाजला. तिने वाटी खाली ठेवली, एक हात सासूच्या खांद्याखाली, दुसरा कमरेखाली घातला, कूस बदलली, पाठीशी उशी लावली आणि परत वाटी उचलली. दर दोन तासांनी गजर लावते म्हणाली, रात्रीसुद्धा. पाठीला एकही जखम नव्हती. चार वर्षांत एकही नाही. इस्पितळातही हे सहज साधत नाही.

मी विचारलं, ‘वयनी, तुम्हांला काय हवंय?’ तिने सासूकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि म्हणाली, ‘म्हाका मात्शें भायर वचपाक जाय.’ थोडं बाहेर जायचंय. माहेर पेडण्याला, बसने दीड-दोन तासांवर. चार चवथी झाल्या, माहेरच्या गणपतीचं दर्शन घडलेलं नाही.

ऑफिसात येऊन मी आमचा अर्जाचा नमुना काढला. लाभार्थी: ज्येष्ठ पुरुष किती, ज्येष्ठ स्त्रिया किती. बस्स. त्या सुनेला कुठेच रकाना नव्हता. आमच्या हिशेबात त्या घरात एकच लाभार्थी होता आणि त्याला खुर्ची मिळालेली होती, म्हणजे काम पूर्ण.

या क्षेत्रात येणाऱ्याने आधी हे मनात पक्कं करावं. म्हाताऱ्या माणसाला दिलेला पैसा त्याच्यापर्यंत पोचतो तो सांभाळणारीच्या हातातून. ती मोडली की तुमची खुर्ची, गादी, औषधं, सगळं पडवीत पडून राहतं.

गोव्यात हा प्रश्न बहुतेक राज्यांपेक्षा लवकर आला. २०११च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं शंभरात साडेआठच्या आसपास होती, गोव्यात अकराच्या वर, केरळच्या खालोखाल. त्यात मुलं आखातात, बोटीवर, पुण्या-मुंबईत. खाणपट्ट्यात तर २०१२मध्ये आणि परत २०१८मध्ये खाणी बंद पडल्या आणि ट्रकवर पोट असलेली तरुण माणसं कामासाठी बाहेर पडली. मागे राहिली ती आईवडील आणि बहुतेक वेळा एक सून किंवा लग्न न झालेली मुलगी.

आता अभ्यासाचं. सांभाळणाऱ्याला मदत केली तर खरंच फरक पडतो का, असा प्रश्न विश्वस्त विचारतील आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. त्याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातच स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या ८१ कुटुंबांचा अभ्यास केला, तो २००८मध्ये प्रसिद्ध झाला. खास प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्या घरी जायच्या. आजार काय आहे ते समजावायचं, माणूस चिडला, रात्री उठून चालायला लागला तर काय करायचं ते सांगायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं, सरकारी योजनांची माहिती द्यायची. सहा महिन्यांनी ज्या घरांना ही साथ मिळाली तिथे सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला. तो लेख इंग्रजीत आहे, पण नव्याने आलेल्या प्रत्येकाकडून मी तो वाचून घेते, कारण त्यात महागडं यंत्र एकही नाही. माणसाने माणसाच्या घरी जाणं आहे.

बाहेरचंही वाचा. न्यूयॉर्कचं जॉन ए. हार्टफर्ड फाउंडेशन १९२९चं, किराणा दुकानांच्या मोठ्या साखळीतल्या भावांच्या पैशातून उभं राहिलेलं. गेली कित्येक दशकं ते ज्येष्ठांच्या आरोग्यावरच खर्च करतं. त्यांनी पाठबळ दिलेल्या एका कार्यक्रमात इस्पितळांना चार गोष्टी बघायला सांगतात: या माणसाच्या लेखी महत्त्वाचं काय, औषधं कोणती, मन आणि स्मृती कशी, हालचाल किती. मला यातली पहिली फार मोलाची वाटते. अमेरिकेत खाजगी फाउंडेशनला दरवर्षी मालमत्तेच्या साधारण पाच टक्के वाटावेच लागतात, आपल्याकडचा नियम वेगळा आहे. त्यामुळे तिकडचं बघताना विचार घ्या, रचना जशीच्या तशी उचलू नका.

आपल्याकडचे नियम थोडक्यात सांगते. प्राप्तिकरातली सूट हवी तर धर्मादाय ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करावे लागतात. ठरावीक कामासाठी रीतसर कळवून काही वर्षं साठवताही येतात. हे न कळल्याने मार्चमध्ये घाईघाईने वस्तू वाटल्या जातात. आमच्या खुर्च्याही मार्चमध्येच गेल्या होत्या. परदेशातून आलेली देणगी त्या देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी द्यायचा पैसा वेगळा: २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के द्यायचे असतात, आणि त्याच्या सातव्या अनुसूचीत वृद्धाश्रम, डे-केअर आणि ज्येष्ठांसाठीच्या इतर सोयी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. घरी सांभाळणाऱ्यांचा तिथे वेगळा उल्लेख नाही. आमच्यासारख्या खाजगी फाउंडेशनने तिथेच जावं असं माझं ठाम मत आहे. इमारतीला पैसा देणारे पुष्कळ आहेत.

सरकार काय देतं तेही तोंडपाठ हवं, नाहीतर तुम्ही तेच परत द्यायला जाल. दरमहा पेन्शन देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, आरोग्यविम्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, प्रोव्हेदोरिया या सरकारी मदत संस्थेचे वृद्धाश्रम, ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन, पालकांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा. कितीतरी घरांना अनुदान नको असतं, दयानंदच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला वेळेवर पोचवणारं माणूस हवं असतं. त्या दाखल्यापायी अडकलेली पेन्शन सुटली की घराला महिन्याला जे मिळतं ते आमच्या एकवेळच्या मदतीपेक्षा कितीतरी टिकाऊ.

डिचोलीच्या त्या घरानंतर आम्ही काय केलं? त्याच संस्थेला विचारलं की खुर्च्यांऐवजी वाड्यावरच्या चार-पाच बायकांना शिकवून पगारावर ठेवाल का. कूस बदलणं, बसतं करून भरवणं, नळी असेल तर स्वच्छता, आणि कधी स्वतः काही न करता डॉक्टरला फोन करायचा, हे शिकवायचं. आठवड्यातून एक दिवस, चार तास, त्या त्या घरी बसतील. घरची बाई मोकळी. संस्थेची ताई घाबरतच म्हणाली, ‘मॅडम, सगळा पगाराचाच खर्च आहे, तुमचे विश्वस्त देतील?’ तिची भीती रास्त होती. देणाऱ्यांना पगार आवडत नाही, वस्तू आवडते. वस्तूवर नाव घालता येतं. मला तीन बैठका लागल्या. शेवटी एका विश्वस्तांना मी सोबत नेलं आणि त्यांना ती कूस बदलताना बघू दिली. परत येताना गाडीत ते काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांनीच ठराव मांडला.

पहिल्या बुधवारी चार तास मोकळे मिळाल्यावर त्या वयनी कुठे गेल्या असतील? कुठेच नाही. शेजारच्या खोलीत चटई टाकून झोपल्या. संस्थेच्या ताईने विचारलं, अहवालात काय लिहू. म्हटलं, झोपल्या असं लिहा. पेडण्याला त्या गेल्या पाचव्या बुधवारी.

मोजमापाचा प्रश्न यातूनच येतो. सांभाळणाऱ्यांचा भार मोजायला झरित यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. मोठ्या प्रकल्पात ती जरूर वापरा. पण पेज निवत असताना बाईला २२ प्रश्न विचारू नका. आम्ही तीनच विचारतो: रात्री सलग किती झोप मिळते, स्वतःच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेलात का, आणि तुम्ही नसलात तर कोण बघेल. तिसऱ्याला उत्तर नसेल तर ते घर आमच्या यादीत वर जातं.

आमची एक मोठी चूकही सांगते. एका गावात डे-केअर केंद्र उभारायला आम्ही अनुदान दिलं. जागा छान, खुर्च्या, कॅरम, दुपारचं जेवण. तीन महिन्यांत माणसं आटली. अर्ज वाचताना मी भाडं, जेवण, वीज सगळं तपासलं, आणि सत्तरीच्या पुढची माणसं तिथपर्यंत येणार कशी हे विचारलंच नाही. बस सकाळी एक, मग थेट दुपारी. गुडघे दुखणारा माणूस चढावर थांब्यापर्यंत जाईल कसा? रिक्षाचं भाडं अंदाजपत्रकात घातलं असतं तर केंद्र चाललं असतं. आता प्रवासखर्च नसलेला अर्ज मी पुढे पाठवत नाही, संस्थेला फोन करून तो घालायला लावते. आणि जागेसाठी आधी गावच्या देवस्थानाकडे विचारायला सांगते. आठवड्याच्या मधल्या दिवशी कितीतरी देवळांचे सभामंडप रिकामे असतात आणि म्हातारी माणसं तिथे न बोलावता येतात.

भाषेबद्दल. आपल्याकडे घरात बोलायचं कोंकणीत, पेपर वाचायचा मराठीत आणि अर्ज भरायचा इंग्रजीत. सत्तरी तालुक्यातलं एखादं महिला मंडळ मराठीत स्वच्छ, नेमकं लिहितं. इंग्रजीसाठी ते कुणाकडून तरी लिहून घेतं आणि त्यात त्यांचं काम ओळखूसुद्धा येत नाही. आम्ही मराठी आणि कोंकणीत अर्ज घ्यायला लागल्यावर गावं बदलली, माणसं बदलली. विश्वस्तांसाठी भाषांतर करणं हे आपलं काम, त्यांचं नव्हे. त्यामुळे नोकरी मागायला येणाऱ्यांनी तिन्ही भाषांवर मेहनत घ्या. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी असेल तर उत्तम, पण मी आतापर्यंत पाहिलेल्या चांगल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांपैकी एक परिचारिका होती आणि एक अंगणवाडी पर्यवेक्षिका.

अजून एका गोष्टीसाठी मनाची तयारी ठेवा. पैसे देणाऱ्या खुर्चीत बसलात की लोक तुमचं सगळं ऐकतात, चहा येतो, हसून हो म्हणतात. तुम्ही हुशार झालात असं वाटायला लागतं. संस्थेने तुमच्या सूचनेला स्पष्ट नाही म्हटलं तर तो विश्वासाचा क्षण समजा. आणि तुम्हांला नाही म्हणायचं असेल तर स्वतः फोन करून, कारण सांगून, लवकर म्हणा. छोट्या संस्थेची ताई उत्तराची वाट बघत दुसरीकडे अर्ज करायची थांबलेली असते.

आमच्या अर्जात आता दोन ओळी वाढल्या आहेत. घरात यांना कोण सांभाळतं? त्या व्यक्ती शेवटच्या कधी निवांत घराबाहेर गेल्या? संस्थेने निदान पाच घरांत विचारून हे भरायचं असतं. उत्तरं येतात: चवथीला. नणंदेच्या लग्नाला. मुलीच्या बाळंतपणाला, पण दुसऱ्याच दिवशी परतले. कधीकधी नुसतं ‘आठवत नाही’ असं लिहिलेलं असतं. असा कागद हातात आला की तो गठ्ठ्यात ठेवू नका, त्याच आठवड्यात गाडी काढा. सकाळी अकराच्या सुमाराला, आधी विचारून, आणि उंबरठा किती उंच आहे ते जाताना बघून घ्या.