स्क्रिमशॉ घेण्याआधी दाताचं बूड बघा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड, नँटकेट या बंदरांच्या व्हेलमारी जहाजांवरचे खलाशी रिकाम्या वेळी स्पर्म व्हेलच्या दातावर सुईने, चाकूने चित्रं कोरत आणि रेषांत काजळी चोळत. तेच स्क्रिमशॉ. नँटकेटच्या फ्रेडरिक मायरिकने १८२८-२९ मध्ये ‘सुसान’ जहाजावर कोरलेले दात तर फारच मोलाचे. म्हणूनच बाजारात रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, नकला भरपूर आहेत, आणि त्यांवरही जुनी नावं-तारखा झोकात असतात. तारखेवर भुलू नका.

दात उलटा करा. खऱ्या दाताच्या बुडाशी निमुळती, खडबडीत पोकळी असते. रेझिनमध्ये ती गुळगुळीत, साच्यातून निघाल्यासारखी दिसते. मग दहापट भिंगातून रेघ बघा. हाताने कोरलेल्या रेघेची कड धारदार असते, कुठे खोल कुठे उथळ. ओतीव रेघेची कड मऊ, गोलसर. बारीक हवेचे बुडबुडे दिसले तर विषयच संपला. तापलेली सुई टोचून बघा असं कोणी सांगेल, पण तसं कृपा करून करू नका; खऱ्या दातावर कायमचा डाग पडतो.

वस्तू खरी निघाली तरी कागदपत्रं मागाच. स्पर्म व्हेल साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक परिशिष्टात आहे, त्यामुळे असा दात देशाबाहेर नेणं-आणणं परवान्याशिवाय अंगाशी येतं.