वादळानंतर लाइट गेली की पहिले काही तास

वादळ ओसरतं तेव्हा लाइट गेलेली असते, पण बाकीचं सगळं लगेच संपलेलं नसतं. मोबाइलचा टॉवर बॅटरीवर थोडा वेळ तग धरतो, टाकीत पाणी असतं, फ्रिजमध्ये गारवा असतो. म्हणून लाइटची वाट बघत बसू नका, हे आहे तोवर कामाला लागा.

आधी फोन. रेंज असेपर्यंत घरच्यांना एकच मेसेज: सुखरूप आहोत, कुठे आहोत, पुन्हा किती वाजता कळवू. सगळेच कॉल करत असतात तेव्हा फोन लागत नाही, साधा एसएमएस मात्र बऱ्याचदा पोहोचतो. मग फोन फ्लाइट मोडवर टाका, कारण रेंज शोधण्यातच बॅटरी उतरते. ठरल्या वेळी चालू करून मेसेज बघायचे, पुन्हा बंद. महत्त्वाचे नंबर कागदावर उतरवून घ्या. बातम्यांना सेलवरचा रेडिओ पुरे.

पंप बंद, म्हणजे टाकीत नवीन पाणी चढणार नाही. पिण्याचं आधी झाकून वेगळं ठेवा. नळाला गढूळ आलं तर कापडातून गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा.

आईचं इन्सुलिन आमच्याकडे फ्रिजमध्ये असतं, त्यामुळे फ्रिजबाबत मी फार कडक आहे. दारावर आडवी चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर लाइट गेल्याची वेळ लिहिते. पट्टी दिसली की सवयीने पुढे गेलेला हात थांबतो. दार बंद राहिलं तर फ्रिज साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला डीप फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. इन्सुलिन थेट बर्फावर ठेवू नका. गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं.

जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ कधीही नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. घराच्या सॉकेटमध्ये त्याची वायर खुपसू नका; वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसतो. रस्त्यात पडलेली तार जिवंतच समजा, दहा मीटर लांब राहा.

फ्रिज, टीव्ही, पंप यांचे प्लग आधीच काढून ठेवा, एक दिवा तेवढा चालू असू द्या. लाइट आल्यावर तो काही मिनिटं स्थिर जळला, की मग एकेक प्लग लावा.