टेस्टोस्टेरॉन उपचार आणि थायरॉइडची गोळी : माझा अनुभव

हाशिमोटो या थायरॉइड ग्रंथीच्या विकारामुळे मी अनेक वर्षे लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉइड संप्रेरकाची गोळी घेत आहे आणि त्याची मात्रा स्थिर होती. परंतु टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी छातीत धडधड, हातांना सूक्ष्म कंप आणि तुटक झोप असा त्रास सुरू झाला. तपासणीत एकूण टी-४ (रक्तातील थायरॉइड संप्रेरक) कमी आले होते, त्यामुळे गोळी वाढवण्याचा सल्लाही मिळाला, पण माझी लक्षणे नेमकी उलट सांगत होती.

उलगडा संप्रेरकतज्ज्ञांनी केला. थायरॉइडचे संप्रेरक रक्तातून वाहून नेणारे टीबीजी हे प्रथिन यकृतात तयार होते आणि टेस्टोस्टेरॉनमुळे त्याचे प्रमाण घटते. म्हणून एकूण टी-४ कमी दिसले, तरी पेशींना प्रत्यक्ष मिळणारे मुक्त टी-४ कमी असतेच असे नाही. निरोगी ग्रंथी आपले उत्पादन आवरते घेऊन समतोल राखते, मात्र गोळीवर अवलंबून असणाऱ्या रुग्णाला पूर्वीचीच मात्रा जास्त होऊ शकते. थायरॉइड संप्रेरक जास्त झाले की घटणारे माझे टीएसएच (ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) ०.४ च्या खाली गेले होते आणि मुक्त टी-४ वरच्या मर्यादेजवळ होते.

डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली आणि ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करण्यास सांगितले, कारण टीएसएच स्थिरावण्यास तेवढा काळ लागतो. धडधड त्याआधीच शमली होती. टेस्टोस्टेरॉनची मात्रा बदलली किंवा ते थांबवले, तरी हीच तपासणी पुन्हा करावी लागते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गोळी उपाशीपोटी घेतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तासांच्या अंतराने घेतो.