शिलेली: मुळाच्या गाठीची आयरिश काठी कशी करावी

शिलेलीची मूठ वरून बसवलेली नसते. काठी आणि गाठ एकाच लाकडाची असावी लागते, आणि सगळी ताकद तिथेच असते. म्हणून फांदी खोडाला फुटते ती जागा धरून तोडा, किंवा कोंब मुळासकट उकरून काढा. लाकूड ब्लॅकथॉर्नचं. हे आलुबुखाराच्या कुळातलं काटेरी झुडूप आयर्लंडच्या शेतांच्या कुंपणात सर्रास दिसतं. पूर्वी ओकच्याही शिलेली होत. विक्लो परगण्यातलं शिलेली गाव ओकच्या जंगलांसाठीच प्रसिद्ध होतं, काठीचं नाव त्या गावावरून पडलं असं काही जण मानतात. आयरिश भाषेत मात्र या नावाचा अर्थ 'वादी लावलेला सोटा' असा लावतात.

तोड हिवाळ्यात करा, तेव्हा लाकडात रस कमी असतो. ११ नोव्हेंबरला मात्र जुनी माणसं या झाडाला हात लावत नसत, त्या दिवशी झाडाचे राखणदार रागावतात अशी समजूत. हातमोजे जाड हवेत. काटा सांध्यात मोडून राहिला तर सांधा कित्येक दिवस सुजतो.

जाडी अडीच सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. लांबी आत्ता हातभर जास्तच असू द्या, कारण टोकं तडकतात. टोकांतून ओल आधी उडते, मधला भाग ओलाच राहतो आणि त्या ओढाताणीत भेग पडते. गाठीचा कापलेला भाग आणि खालचं टोक लगेच मेणाने बंद करा. साल काढू नका. काटे छाटताना बारीक खुंट ठेवा, खरवडून सपाट केलेली काठी ओकीबोकी दिसते.

आता वाळवण. सावलीत, वारा लागेल अशी वर्षभर तरी ठेवा, जाड गाठीला दोन वर्षंही लागतात. पूर्वी लोणी किंवा चरबी चोळून काठी धुराड्यात टांगत. स्निग्धपणामुळे ती सावकाश वाळे आणि काजळीने काळी होई. शेकोटीजवळ ठेवून घाई केली तर गाठ हमखास फुटते. वाक असेल तर वाफ देऊन सरळ करा आणि गार होईपर्यंत फळीला बांधून ठेवा.

चालायची काठी असेल तर बूट घालून ताठ उभं राहा, मनगटापासून जमिनीपर्यंत माप घ्या आणि मग कापा. खाली पितळी शेंबी बसवा, उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या.

एकोणिसाव्या शतकात जत्रेत टोळ्या भिडत तेव्हा हीच काठी हत्यार होई. काही जण गाठ पोखरून आत शिसं ओतत. लढताना ती खालच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर धरत. हाताखाली उरलेल्या भागाने कोपर झाकलं जाई आणि गाठ वर मोकळी राही. ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश गार्ड्स या पलटणीचे अधिकारी आजही ब्लॅकथॉर्नची काठी बाळगतात.